निखाऱ्याला चुलीतच जागा द्या

गॅस घरोघरी आला, तरी आपल्यापैकी अनेकांच्या जुन्या घरांच्या परसात लाकडाची चूल अद्याप टिकून आहे. अंघोळीचे पाणी, कुरडयांचा चीक, मंगलकार्यातील मोठी पातेली हे सारे तिच्यावरच होते. त्याच परसाला लागून बहुधा कोठार असते आणि कोठारात गोणपाट, सुतळी, कापूस. अशा घरात चुलीबाहेर घरंगळलेला एक निखारा पुरेसा असतो. साडीचा काठ, रांगते मूल, जमिनीवरील मुंग्या यांनाही त्याच्यापासून तितकेच भय.

निखारा बाहेर येण्याचे कारण साधे आहे. आपल्या चुलीचा तळ बाहेरील जमिनीच्या पातळीत असतो. राख साचली की तो अधिकच वर येतो. लांब लाकडाचे जळते टोक तुटून पडते, आणि आच कमी करण्यासाठी लाकूड मागे ओढले की ते निखारेही सोबत ओढून आणते. यावर तोंडाशी पत्रा लावणे हा उपाय नव्हे. त्याने हवा कोंडते, धूर वाढतो आणि विषारी वायूही साठतो. निखारा पडणारच, त्याला पडण्याची जागा चुलीच्या आत असावी, एवढेच पाहावयाचे.

त्यासाठी चुलीच्या तोंडाशी दोन अर्ध्या विटा आडव्या ठेवून मध्ये तीन बोटांची फट सोडावी. त्यांवर एक अखंड वीट आडवी बसवावी. आत, अर्ध्या विटांच्या उंचीवर, बिडाची जाळी ठेवावी. तिच्या गजांत सुमारे अर्ध्या इंचाचे अंतर असावे. जाळीखालची जमीन तीन-चार बोटे खोल खणावी. विस्तव वर आला, म्हणून भिंतीही विटेच्या एका थराने उंच कराव्यात. म्हणजे भांडे आणि विस्तव यांतील अंतर पूर्वीइतकेच राहील.

आता फटीतून हवा जाळीखाली जाते, राख व बारीक निखारे खड्ड्यात पडतात आणि मोठे निखारे वरच्या विटेला अडतात. त्या विटेवर टेकलेले लाकूड आतल्या बाजूस उतरते, त्यामुळे तुटलेले टोकही आतच पडते.

सांधे चिकणमाती व भुशाने लिंपावेत. लिंपण सावलीत वाळू द्यावे आणि पहिले काही दिवस मंद विस्तव करावा. विस्तवाजवळ जस्ताचा मुलामा दिलेला पत्रा मात्र वापरू नये. जस्त सुमारे 420 अंश सेल्सियसला वितळते, धगधगता निखारा त्याहून कितीतरी तप्त असतो, आणि तापलेल्या जस्ताचा धूर अपायकारक असतो.

खड्डा रोज सकाळी रिकामा करावा; तो भरला तर हवेची वाट बुजते. काढलेली राख गार दिसली तरी तिच्यावर विश्वास टाकू नये. पूर्वीच्या गृहिणी रात्री निखारा राखेत झाकून ठेवीत आणि पहाटे त्यावरच चूल पेटवीत, हे आपण जाणतोच. म्हणून राख झाकणाच्या लोखंडी डब्यात, कोठारापासून दूर, निदान दोन दिवस ठेवावी. मगच ती भांड्यांना किंवा झाडांना वापरावी. गोणीत तर ती कधीच भरू नये.

चार विटा, एक जाळी आणि घमेलेभर माती, एवढाच याचा खर्च आहे. येत्या कार्याची चूल मांडण्यापूर्वी तो अवश्य करावा.