सही कोणाची, हुकूम कोणाचा?

आम्हा सोलापूरकरांचा समुद्र म्हणजे उजनी. त्याच उजनीच्या पाण्यात २१ मे २०२४ रोजी करमाळा तालुक्यातील कुगावहून इंदापूरच्या कळाशीकडे निघालेली बोट वादळी वाऱ्यात उलटली. सहा जण गेले, एकटाच पोहून काठाला लागला. अशा वेळी लोक पहिल्यांदा विचारतात, बोट चालवणारा शिकलेला होता का? प्रश्न रास्त आहे, पण अपुरा आहे.

मोठ्या जहाजाचा कप्तान वशिल्याने होत नाही. समुद्रावर ठरावीक काळ काढून सेकंड मेट, फर्स्ट मेट आणि मग मास्टर अशा परीक्षा द्याव्या लागतात. नौवहन महासंचालनालयाचे प्रमाणपत्र असेल तरच जहाज ताब्यात मिळते. तरीही २०२१ च्या मे महिन्यात काय झाले ते वाचकांना आठवत असेल.

मुंबईजवळच्या तेलक्षेत्रात पी-३०५ नावाची बार्ज उभी होती. तिच्यावर २६१ माणसे होती, बहुतेक सारे कंत्राटी कामगार. बार्जला स्वतःचे इंजिन नव्हते, ओढून न्यायला टग लागे. तौक्ते वादळाचा इशारा हवामान खात्याने आधीच दिला होता. बार्ज तेथेच राहिली, नांगर तुटले आणि १७ मे रोजी ती बुडाली. बार्ज व 'वरप्रदा' ही टग मिळून ८६ जण मेले. वाचलेल्या मुख्य अभियंत्याने सांगितले की कप्तानाने इशारा मनावर घेतला नाही, आणि जीव वाचवायचे तराफे बहुतेक फुटके निघाले. पोलिसांनी गुन्हा नोंदवला तो कप्तान राकेश बल्लव यांच्यावर. ते बेपत्ता होते. पुढे मृतांतच निघाले.

कप्तान निर्दोष होता असे आम्ही म्हणत नाही. धोका ओळखणे हेच त्याचे काम. पण फुटके तराफे बदलायला पैसा कोणी द्यायचा? काम थांबले तर तोटा कोणाचा होणार होता? पुढच्या महिन्यात कंपनीच्या तिघांना अटक झाली, तेव्हा कुठे बोट वरच्या मजल्याकडे वळले. आम्ही कारकून आहोत. साहेबाचा हुकूम तोंडी असतो आणि चौकशीत सही कारकुनाची दिसते, हे आम्हाला कोणी शिकवायला नको.

सुरक्षिततेसाठी कप्तानाने घेतलेल्या निर्णयात मालकाने आड येऊ नये, असा आंतरराष्ट्रीय नियमच आहे. पण पुढचे कंत्राट मालकाच्याच हातात असते. १७ जुलै १९४७ रोजी भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली 'रामदास' बोट काशाच्या खडकाजवळ बुडाली, सहाशेहून अधिक माणसे गेली. बोटीवर बिनतारी यंत्र नव्हते. मुंबईला खबर पोचेपर्यंत दुपार उलटली. ते यंत्र काय कप्तानाने आपल्या पगारातून बसवायचे होते?

गेल्या महिन्यात आमच्या वस्तीतला एक आयटीआय झालेला वेल्डर पोरगा बार्जवरच्या कामाचा कागद घेऊन आमच्याकडे आला. पगार, जेवण, सुट्टी, सगळे लिहिलेले होते. आम्ही म्हणालो, "लाइफ जॅकेट प्रत्येकाला आहे का, तराफे शेवटचे कधी तपासले, वादळात बार्ज कोण हलवणार, एवढे विचारून घे." पोरगा गप्प राहिला. त्याची आई दारातूनच म्हणाली, "दादा, एवढं विचारल्यावर त्याला कामावर घेतील व्हय?"

आम्ही तो कागद पुन्हा पहिल्या ओळीपासून वाचायला घेतला.