सिंफनीला ‘जनक’ नव्हे, माहेर आहे

१/ जोसेफ हायडन यांना ‘सिंफनीचे जनक’ म्हणण्याचा प्रघात आहे. बिरुद गौरवाचे आहे. इतिहास म्हणून मात्र ते टिकत नाही. सिंफनीचे माहेर ऑपेराच्या रंगमंचावर, ओव्हर्चरमध्ये आहे.

२/ १६०७, मान्तुआ. मोंतेवेर्दी यांच्या ‘ऑर्फेओ’चा आरंभ तुताऱ्यांच्या घोषाने होतो. पडदा उघडण्यापूर्वी तो तीनदा वाजवावा, अशी सूचना मुद्रित स्वरलिपीतच आहे.

३/ पुढे या नांदीचे दोन घाट रूढ झाले. फ्रान्समध्ये ल्यूली यांचा: आधी संथ व भारदस्त, मग द्रुत. नेपल्समध्ये, सतराव्या शतकाच्या अखेरीस, अलेस्सांद्रो स्कार्लात्ती यांचा: द्रुत, संथ, द्रुत. इटलीत तिचे नावच ‘सिनफोनिया’ होते.

४/ हीच सिनफोनिया ऑपेरापासून सुटी होऊन मैफलीत वाजू लागली. मिलानचे सामार्तिनी १७३० च्या दशकात स्वतंत्र सिंफनी रचत होते. हायडन यांचा जन्म १७३२ चा! मानहाइमच्या श्टामिट्स यांनी मिन्युएट जोडून चार भागांची रचना रुजवली.

५/ ‘पण शंभरांहून अधिक सिंफनी रचून तिला प्रौढत्व कोणी दिले?’ हायडन यांनीच. ते श्रेय निर्विवाद आहे. परंतु संगोपनाला जन्म म्हटले, की सामार्तिनींसारखे रचनाकार इतिहासातून पुसले जातात.

६/ पुरावा हवा असल्यास मोझार्ट यांची १७७९ ची ३२ वी सिंफनी ऐकावी. द्रुत, संथ, द्रुत, तीही अखंड. सिंफनी तोवर माहेर विसरली नव्हती. विसरले ते चरित्रकार.