रक्त म्हणजे पाणी नव्हे

सोलापुरात सायझिंगवर सुतासाठी खळ शिजवणाऱ्याला एक गोष्ट कुणी शिकवावी लागत नाही. भांड्यात निवांत पडलेली खळ दाट असते. जोरात ढवळू लागले की ती सैल पडते. पाण्याचे तसे नाही. हळू ढवळा की जोरात, त्याचा दाटपणा, शास्त्रीय भाषेत श्यानता, तेवढाच राहतो. न्यूटनचा हा नियम पाणी पाळते, खळ पाळत नाही. आपल्या धमन्यांतले रक्तही पाळत नाही.

रक्ताच्या आकारमानात साधारण ४० ते ४५ टक्के वाटा तांबड्या पेशींचा. प्रवाह संथ झाला की त्या नाण्यांच्या चळतीसारख्या एकमेकींना चिकटतात आणि रक्त घट्ट होते. वेग वाढला की चळती मोडतात आणि रक्त पाण्याच्या तीन-चार पट दाटपणावर येते. रक्तवाहिनीत अडथळा असेल तर ही दोन्ही रूपे शेजारी शेजारी दिसतात: अरुंद जागेतून रक्ताची धार जोरात सुटते आणि तिच्या पलीकडे, कडेला, भोवरे रेंगाळतात.

हे गणित आता थेट रुग्णाच्या फाइलमध्ये आले आहे. अडथळ्याच्या पलीकडचा दाब अलीकडच्या दाबाच्या किती पट, हे पूर्वी धमनीत तार घालूनच मोजावे लागे. सीटी स्कॅनवरून संगणकाने तो आकडा काढण्याच्या पद्धतीला अमेरिकेत २०१४ मध्ये मान्यता मिळाली. आकडा ०.८० किंवा खाली असेल तर स्टेंटचा विचार होतो. पण प्रत्येक भोवरा सोडवत बसणे महासंगणकालाही जड जाते, म्हणून सरासरीची सूत्रे वापरतात, आणि खवळलेल्या प्रवाहाची ही सूत्रे मुख्यतः हवा-पाण्यावर बेतलेली. अनेक प्रतिमानांत रक्ताचा दाटपणाही एकच धरतात. मोठ्या धमनीत वेगवान प्रवाहासाठी ते बहुधा चालून जाते, ०.७९ आणि ०.८१ यांच्या उंबरठ्यावर मात्र तेवढ्याने भागत नाही.

सोलापूरकरांनी याकडे जास्त लक्ष द्यायला हवे. मे महिन्यात पारा ४२-४३ अंशांवर गेला की शरीरातले पाणी घटते आणि रक्त दाटते. उलट, २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार राज्यातल्या निम्म्याहून अधिक स्त्रियांना रक्तक्षय आहे. त्यांचे रक्त पातळ, वेगाने धावणारे आणि म्हणून लवकर खवळणारे. रक्तक्षयाच्या रुग्णाच्या छातीवर स्टेथोस्कोप ठेवला की झडपा निरोगी असूनही कधी कधी मर्मर ऐकू येते, ती यामुळेच. या दोघांना एकच ठरावीक दाटपणा लावणे हे गणित नव्हे, सोय आहे.

तांबड्या पेशींचे प्रमाण साध्या सीबीसी तपासणीत ‘पीसीव्ही’ म्हणून छापून येते. संगणकाने नेमका तोच आकडा वापरला की ठोकताळा, हे अहवालावर लिहिणे सक्तीचे करायला काय हरकत आहे? महाराष्ट्राला हे शास्त्र परके नाही. डॉ. रघुनाथ माशेलकरांचे सुरुवातीचे संशोधन न्यूटनला न जुमानणाऱ्या द्रवांच्या प्रवाहावरच होते, आणि १९९१ मध्ये ‘परम ८०००’ महासंगणक पुण्याच्या सी-डॅकमध्येच घडला. सोलापुरात डॉ. वैशंपायन स्मृती शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, अभियांत्रिकी महाविद्यालये आहेत, विद्यापीठ आहे. रुग्णांच्या संमतीने इथल्या रक्ताच्या मोजमापांवर ही प्रतिमाने तपासायला लागणारी माणसे एकाच शहरात आहेत. पहिली बैठक बोलवायला वैद्यकीय महाविद्यालयाने पुढे यावे.