कंपवाताचें औषध आणि घरांतील मौन

कंपवात हा शब्द आपल्या घरांत नवा नाहीं. आजोबांचा हात मांडीवर स्वस्थ ठेवला असतांही जपाची माळ ओढीत असल्यासारखा हलतो, सदऱ्याचीं बटणें लावावयास पाव तास लागतो, अक्षर दिवसेंदिवस बारीक होत जातें, आणि चेहऱ्यावरील भाव मावळल्यामुळें नातवंडांस वाटतें कीं, आजोबा आपल्यावर रागावले आहेत. लंडनचे डॉक्टर जेम्स पार्किन्सन यांनीं १८१७ सालीं या रोगावर एक निबंध लिहिला व पुढें त्यांचेंच नांव रोगास मिळालें. या रोगावरील औषधांपैकीं एका विशिष्ट वर्गाविषयीं आज आम्ही लिहिणार आहों. आम्ही वैद्य नव्हों. आमचें आयुष्य मुलांकडून रूपें व समास घोकून घेण्यांत गेलें. मात्रा ठरविण्याचा अधिकार आमचा नाहीं. परंतु औषध लिहून देणारे डॉक्टर रोग्यास चार-सहा महिन्यांतून एकदां पाहतात, आणि घरचीं माणसें त्यास रोज पाहतात. म्हणून काय पाहावयाचें, हें त्या माणसांस ठाऊक असलें पाहिजे.

मेंदूच्या खालच्या अंगास काळसर पेशींचा एक लहानसा पुंजका असतो. त्या पेशी डोपामिन नांवाचें द्रव्य तयार करतात, आणि शरीराची हालचाल सुरळीत चालावयास तें द्रव्य लागतें. कंपवातांत या पेशी हळूहळू नाश पावतात व डोपामिन अपुरें पडूं लागतें. व्हिएन्ना येथील ओलेह हॉर्निकिएविच यांनीं १९६० सालीं, मृत रोग्यांच्या मेंदूंची परीक्षा करून, ही उणीव दाखवून दिली. ती भरून काढण्याचे मुख्य मार्ग दोन. पहिला लेव्होडोपा या औषधाचा. तें मेंदूंत जाऊन स्वतःच डोपामिन बनतें. दुसऱ्या मार्गाचीं औषधें डोपामिन बनत नाहींत, तर डोपामिनच्या जागीं बसून त्याचें काम करतात. डॉक्टर त्यांस डोपामिन ॲगोनिस्ट म्हणतात. आपल्या आयुर्वेदांत मूळ औषधि न मिळाल्यास तिच्या जागीं योजावयाच्या द्रव्यास प्रतिनिधि म्हणतात; तोच शब्द आम्ही येथें वापरूं. प्रामिपेक्सोल व रोपिनिरोल या गोळ्या, कातडीस चिकटवावयाची रोटिगोटिनची पट्टी, आणि टोचून द्यावयाचें ॲपोमॉर्फिन हीं या वर्गांतील आजचीं प्रमुख औषधें होत.

हीं औषधें वाईट आहेत असें कोणी समजूं नये. रोगी वयानें लहान असल्यास त्यांचा विशेष उपयोग होतो. लेव्होडोपा बरींच वर्षें घेतल्यावर कित्येकांच्या अंगास अनैच्छिक हिसके व वळसे येऊं लागतात. आरंभीं प्रतिनिधि औषध दिल्यास तो दिवस लांबतो. सत्तरीच्या पुढें गेलेल्यांस मात्र त्यांपासून भ्रम होण्याचा संभव अधिक, म्हणून तेथें डॉक्टर बहुधा लेव्होडोपाच पसंत करतात. शेजारच्या काकांस जी गोळी मानवली ती आपल्या आजोबांस मानवेलच असें नाहीं, हें यावरून दिसून येईल.

या औषधांचे नित्याचे उपद्रव असे. पहिल्या दिवसांत मळमळ होते. बसलेला माणूस एकदम उठल्यास रक्तदाब उतरून भोंवळ येते. पायांवर सूज चढते. क्वचित् खोलींत नसलेलीं माणसें किंवा जनावरें दिसूं लागतात. म्हणून मात्रा अगदीं अल्पांत सुरू करून आठवड्या-आठवड्यानें चढवितात. प्रामिपेक्सोलच्या साध्या गोळीचा आरंभ दिवसांतून तीन वेळां ०.१२५ मिलिग्रॅम इतक्या अल्प प्रमाणावर होतो. गुण लवकर यावा म्हणून घरच्या घरीं ही पायरी ओलांडूं नये. रात्रीं अंथरुणांतून उठतांना आधीं कडेस बसावें, मग उभें राहावें. दिवसभर पुरणाऱ्या लांब पल्ल्याच्या गोळ्या फोडूं अगर कुटूं नयेत.

झोंपेचा उपद्रव याहून गंभीर आहे. १९९९ सालीं प्रामिपेक्सोल व रोपिनिरोल घेणारे आठ रोगी मोटार चालवितांना अकस्मात् झोंपीं गेल्याची हकीकत एका वैद्यकीय नियतकालिकांत प्रसिद्ध झाली. या झोंपेची आगाऊ सूचना मिळेलच असें नाहीं. तेव्हां औषध सुरू होतांना व मात्रा वाढतांना वाहन चालवूं नये; आणि एकदां जरी बोलतां-बोलतां किंवा जेवतां-जेवतां डोळा लागला, तरी डॉक्टरांस कळवून त्यांच्या अनुज्ञेवांचून पुन्हां वाहनास हात लावूं नये.

एवढें सर्व कोणी ना कोणी सांगतो. ज्यासाठीं आम्हीं मुख्यतः लेखणी उचलली, ती गोष्ट मात्र संकोचामुळें पुष्कळदां कोणी कोणास सांगत नाहीं. डोपामिन हें केवळ हालचालीचें द्रव्य नव्हे. मेंदूंत जेथें हौस, इच्छा आणि मिळकतीचा आनंद उत्पन्न होतो, तेथेंही त्याचा कारभार असतो. प्रतिनिधि औषध म्हणजे शाळेंतील बदली मास्तर. ज्या वर्गावर मास्तर नाहीं तेथें त्यानें शिकवावें, ही अपेक्षा. पण तो शेजारच्या भरल्या वर्गांतही शिरतो आणि तेथील मुलांस चेतवून देतो. मग कित्येक रोग्यांत चार प्रकारच्या अनावर इच्छा उत्पन्न होतात. जुगार ही पहिली. लॉटरी व शेअरबाजारांतील सट्टा यांचीही गणना हींतच करावी. दुसरी नको त्या वस्तूंच्या खरेदीची. तिसरी अतिशय खाण्याची, विशेषतः गोडाची. चौथी लिहितांना लेखणी अडखळते, पण लिहिणें भाग आहे: उतारवयांत एकाएकी बेफाम होणारी कामवासना. यांखेरीज कोणी तासन् तास घड्याळें उघडून जोडीत बसतो, तर कोणी रात्र-रात्र कपाटें आवरतो.

अमेरिका व कॅनडा येथील ३,०९० रोग्यांची एक मोठी पाहणी २०१० सालीं प्रसिद्ध झाली. प्रतिनिधि औषधें घेणाऱ्यांपैकीं शेंकडा १७.१ जणांत वरील चारांपैकीं एखादी तरी विकृति आढळली. न घेणाऱ्यांत तें प्रमाण शेंकडा ६.९ होतें. म्हणजे बहुसंख्य रोगी सुखरूप राहतात. पण ही गोष्ट क्वचित् घडणारी म्हणून दुर्लक्षिण्याजोगी नाहीं. वय कमी असलेल्यांस, आणि ज्यांच्या घराण्यांत जुगाराची खोड होती त्यांस, धोका अधिक.

आमच्या परिचयांतील एका सेवानिवृत्त हिशेबनिसांचें उदाहरण सांगतों. भाजीच्या हिशेबांत चार आणे चुकले तर रात्रीं दिवा लावून ते शोधणारा हा गृहस्थ. गोळ्या सुरू होऊन वर्ष-दीड वर्ष लोटल्यावर तो लॉटरीचीं तिकिटें घेऊं लागला. प्रथम दोन, मग पुडकेंच्या पुडकें. तिकिटें तो पोथीच्या वेष्टनांत लपवी. ठेवींतील रक्कम सरत आली तेव्हां गोष्ट उघड झाली. मुलगा संतापला. म्हातारपणीं बुद्धि फिरली, घराण्यास बट्टा लागला, असें बोलून त्यानें औषधाची डबीच काढून घेतली. चारच दिवसांत त्या गृहस्थाचे हातपाय ताठले, अंगास दरदरून घाम सुटूं लागला, आणि जीव घाबरा होऊन तो रात्रभर घरांत येरझारा घालूं लागला. अखेरीस सुनेनें धीर करून डॉक्टरांस सर्व हकीकत सांगितली. त्यांनीं ती शांतपणें ऐकून घेतली, गोळी पुन्हां देऊन ती आठवड्या-आठवड्यानें उतरविली, आणि लेव्होडोपाची मात्रा बसविली. कांहीं महिन्यांत लॉटरीची ओढ आपोआप गेली. गेलेला पैसा परत आला नाहीं. पण पिता-पुत्रांत पुन्हां बोलणें सुरू झालें.

या हकीकतींत दोन धडे आहेत. पहिला हा कीं, जें वर्तन स्वभावाचा अधःपात म्हणून दिसलें, तो औषधाचा परिणाम होता. द्यूतानें माणसाचा कसा नाश होतो हें आपण ऋग्वेदांतील अक्षसूक्तापासून ऐकत आलों आहों, आणि म्हणूनच जुगाऱ्यास दोष देणें आपल्या जिभेवर चटकन् येतें. पण येथें उपदेश व्यर्थ. मात्रा कमी होणें अवश्य. रोग्यास पुष्कळदां आपलें वागणें विचित्र वाटतच नाहीं, किंवा वाटलें तरी लाजेनें तो तें झांकतो. पत्नीची स्थिति तर अधिकच कठीण. वर सांगितलेल्या चौथ्या प्रकाराविषयीं ती माउली कोणाजवळ बोलणार? तिला एवढेंच कळलें पाहिजे कीं, हें लक्षण डॉक्टरांस ठाऊक आहे, आणि त्यांस तें एकांतांत किंवा चिठ्ठी लिहून सांगण्यांत पतीची अप्रतिष्ठा नाहीं.

दुसरा धडा: औषध एकाएकी तोडूं नये. तसें केल्यास रोग उसळी घेतोच. शिवाय भय, खिन्नता, घाम, वेदना व औषधाची तीव्र लालसा असा एक स्वतंत्र विकार होतो, आणि क्वचित् ताप व ताठरपणा वाढून प्राणावरही बेततें. परगांवीं जातांना गोळ्या दोन दिवस अधिकच्या बरोबर घ्याव्या.

इतर औषधांविषयींही सावध असावें. ओकारीवर सर्रास दिलें जाणारें मेटोक्लोप्रामाइड व भोंवळीवर दिलें जाणारें प्रोक्लोरपेराझिन डोपामिनचीच वाट अडवितात. सिनारिझिन व फ्लुनारिझिन यांनींही कंपवात वाढतो. प्रामिपेक्सोल मूत्रपिंडांवाटे बाहेर पडतें, म्हणून मूत्रपिंडें दुर्बल असल्यास मात्रा कमी ठेवावी लागते. सिप्रोफ्लॉक्सासिन सुरू झाल्यास रोपिनिरोलचें रक्तांतील प्रमाण वाढतें. खाजकुयलीच्या, म्हणजेच कपिकच्छूच्या, बियांत लेव्होडोपा असतें. दामोदरन् व रामस्वामी या भारतीय शास्त्रज्ञांनीं १९३७ सालीं तें त्यांतून वेगळें काढलें. तेव्हां तिचें चूर्ण निरुपद्रवी समजून गोळ्यांच्या जोडीस मनानें घेणें म्हणजे न मोजतां मात्रा वाढविणें होय.

आतां घरांत काय करावें? औषध सुरू होण्यापूर्वीं रोगी, पत्नी व मुलें यांनीं एकत्र बसून हे परिणाम डॉक्टरांकडून ऐकावे, म्हणजे पुढें विचारतांना संशय घेतल्यासारखें होत नाहीं. एक वही ठेवून तींत गोळीची वेळ, झोंप, भोंवळ, खर्च व खाणें यांची नोंद करावी. बँकेच्या खात्यावर रोग्याच्या संमतीनें दुसऱ्याची नजर असावी. महिन्यांतून एकदां मोकळेपणानें पुसावें, "अलीकडे कशाची फार ओढ वाटते का?" हा प्रश्न कानाडोळा न करतां व कपाळास आंठी न घालतां विचारला गेला, तर पुष्कळ घरांतील ठेव आणि त्याहून मोलाचा परस्परांविषयींचा आदर शाबूत राहील.