अपडेट कुणाचं काम?

लिबरऑफिस हे ऑफिस सॉफ्टवेअर फुकट मिळतं, मराठी टंकलेखनाला उत्तम आहे, म्हणून छोट्या संस्था ते वापरतात आणि ते योग्यच आहे. पण विंडोजवर ते नवी आवृत्ती आल्याचं फक्त कळवतं. फाइल उतरवून इन्स्टॉल करणं बहुधा वापरणाऱ्याच्याच हाती असतं. ती सूचना ‘नंतर बघू’ म्हणून बंद केली जाते, हे मला धोकादायक वाटतं. मायक्रोसॉफ्ट ऑफिसमधल्या, समीकरणं लिहिण्याच्या ‘इक्वेशन एडिटर’चं उदाहरण घ्या. त्यातला सुमारे 17 वर्षं जुना सुरक्षा-दोष नोव्हेंबर 2017 मध्ये दुरुस्त झाला, तरी पुढची कित्येक वर्षं हल्लेखोर त्याच वाटेने शिरत राहिले. साधी वर्ड फाइल उघडली की काम तमाम. दुरुस्ती उपलब्ध होती, अनेक संगणकांवर ती पोचलीच नव्हती.

यावर आक्षेप असतो की अपडेटनंतर मांडणी बिघडते, टंक बदलतात. ही भीती खोटी नाही; मासिक अहवालाच्या आदल्या दिवशी कुणी जोखीम घेऊ नये. म्हणून आधी एकाच संगणकावर नवी आवृत्ती टाकून नेहमीची पत्रं, तक्ते उघडून पाहावेत. इंटरनेट मंद असेल, तर फाइल अधिकृत संकेतस्थळावरून एकदाच उतरवून पेनड्राइव्हने सगळीकडे नेता येते. उलट, हाताने अपडेट करण्यात वेळ आपण ठरवतो, हा फायदाच आहे. मात्र त्यासाठी कार्यालयाच्या कामवाटपात एका माणसाचं नाव आणि महिन्यातला एक दिवस लिहिलेला हवा.