पाटे वाढवायचे की पोती सरकवायची?

बालदोस्तांनो, दिवाळी सरली आणि गळीत हंगाम सुरू झाला की आपल्या नगर जिल्ह्यातले रस्ते एकदम बदलून जातात. राहाता घ्या, राहुरी घ्या, श्रीरामपूर घ्या नाहीतर नेवासा. कुठल्याही फाट्यावर दहा मिनिटं उभे राहा. उसानं शीगोशीग भरलेल्या ट्रॉल्या डुलत डुलत जाताना दिसतील. पुढे एक ट्रॅक्टर, मागे एक नाही तर चक्क दोन ट्रॉल्या! २०२४ सालापासून जिल्ह्याचं नाव अहिल्यानगर झालं, पण ट्रॉल्या काही बदलल्या नाहीत. विठ्ठलराव विखे पाटील आणि अर्थतज्ज्ञ धनंजयराव गाडगीळ यांच्या प्रयत्नांतून लोणीजवळ प्रवरेचा सहकारी साखर कारखाना उभा राहिला आणि १९५०-५१ च्या हंगामात त्याचं गाळप सुरू झालं. तेव्हापासून ओझं ओढणं हा इथला रोजचाच उद्योग.

आणि जिथे ओझं, तिथे कमानपाट्यांचं गॅरेज! ट्रकच्या किंवा पिकअपच्या मागच्या चाकाजवळ वाकून बघा. एकावर एक रचलेल्या, धनुष्यासारख्या वाकलेल्या पोलादी पट्ट्या दिसतील. तेच पाटे. गाडी खड्ड्यात आदळली की ते दबतात, पुन्हा वर येतात आणि धक्का गिळून टाकतात. गॅरेजात एक वाक्य हमखास कानावर पडतं, "मिस्तरी, दोन-दोन पाटे वाढवून द्या, आता मागे ट्रॉली जोडायचीय."

खरंच पाटे वाढवायला हवेत का? आज आपण याच प्रश्नाचा छडा लावू या. प्रश्न मोठ्या माणसांचा वाटतो, पण त्याला लागणारं गणित तुमच्या शाळेच्या पुस्तकातलंच आहे, बरं का! आणि उत्तर चुकलं तर फुकट जातात ते घरचे पैसे. कधीकधी त्याहून बरंच काही.

आधी पाट्यांचा स्वभाव ओळखू. तीन सारख्या प्लॅस्टिकच्या पट्ट्या घ्या. एक पट्टी टेबलाच्या कडेवर अर्धी बाहेर काढून घट्ट धरा आणि टोकाला दोऱ्यानं एक वजन टांगा. टोक किती खाली गेलं ते मोजा. मग एकावर एक दोन पट्ट्या ठेवून तेच वजन टांगा. टोक साधारण निम्मंच खाली जाईल. तीन पट्ट्या ठेवल्या तर एक तृतीयांश. वजन दुप्पट केलं तर वाकणंही दुप्पट. रॉबर्ट हूक नावाच्या इंग्रज शास्त्रज्ञानं हा नियम शोधला. त्याची एक गंमत आहे. दुसऱ्या कुणी आपला शोध पळवू नये म्हणून त्यानं १६७६ साली तो अक्षरांची उलटापालट करून कोड्यासारखा छापला, आणि उत्तर दिलं दोन वर्षांनी, १६७८ साली!

म्हणजे पाटे वाढवले की गाडी कमी दबते, हे अगदी खरं. मग अडचण काय?

समजा, तुमच्या घरी एक पिकअप आहे. कांदा बाजार समितीत न्यायचा आहे. एका खेपेत जास्त माल जावा म्हणून मागे दोन चाकांची छोटी ट्रॉली जोडायचं घरात चाललं आहे. ट्रॉली जोडली की पिकअपचं मागचं अंग खाली बसतं आणि तोंड वर होतं. मिस्तरी म्हणतात, "दादा, पाटे कमी पडतात." आता वही-पेन्सिल घ्या.

पिकअपच्या पुढच्या आणि मागच्या आसात ३०० सेंटिमीटर अंतर आहे असं धरू. ट्रॉली अडकवायचा हुक मागच्या आसाच्या १०० सेंटिमीटर मागे आहे. ट्रॉलीची दांडी या हुकावर १५० किलोचा भार टाकते आहे. १५० किलो म्हणजे ५० किलोची तीन पोती. मग मागच्या आसावर तीनच पोती वाढली ना? नाही!

जत्रेतली नाहीतर बागेतली सी-सॉ आठवा. मागचा आस म्हणजे मधला टेकू. हुकावर बसलेली तीन पोती टेकूच्या मागे १०० सेंटिमीटरवर आहेत, म्हणून पुढचं तोंड वर उचललं जातं. किती? १५० गुणिले १०० भागिले ३००, म्हणजे ५० किलो. पुढच्या चाकांवरचं ५० किलो वजन निघून मागे आलं. मागच्या आसावर वाढले १५० अधिक ५०, म्हणजे २०० किलो. हुकावर तीन पोती, पण मागच्या आसाला वाटतात चार!

आता आजच्या लेखातली सगळ्यांत महत्त्वाची गोष्ट ऐका. पाटे वाढवले तर मागचं अंग वर येईल, गाडी दिसायला सरळ होईल. पण मागच्या आसावर वाढलेले २०० किलो २०० च राहतील आणि पुढच्या चाकांवरून निघालेले ५० किलो परत येणार नाहीत. सी-सॉचं गणित अंतरांवर चालतं, पाट्यांच्या जाडीवर नाही. पुढची चाकं हलकी झाली की स्टिअरिंग हलकं लागतं आणि वळणावर गाडी हवी तशी वळत नाही. गाडी सरळ दिसली म्हणून धोका गेला असं समजणं म्हणजे थर्मामीटर झटकला आणि ताप उतरला असं म्हणण्यासारखं आहे.

मग करायचं काय? हे आपल्या आजोबांच्या पिढीला विचारा. बैलगाडी भरणाऱ्याला हे शास्त्र पुस्तकाशिवाय येत असे. माल मागे जास्त झाला की गाडी उलाळ होते, म्हणजे मागे कलते, जू वर उचललं जातं आणि बैलांच्या गळ्याला फास बसतो. माल पुढे जास्त झाला की सगळं ओझं बैलांच्या मानेवर. म्हणून शहाणा गाडीवान भरता भरता जू हातानं उचलून बघायचा. मानेवर थोडं ओझं हवं, पण थोडंच!

दोन चाकांच्या ट्रॉलीचंही तसंच. ट्रॉलीच्या आसापासून हुकापर्यंत ३०० सेंटिमीटर अंतर धरू आणि रिकामी ट्रॉली आसावर तोललेली आहे असं मानू. तिच्यात कांद्याची २० पोती, म्हणजे १००० किलो. पोत्यांचा मध्य आसाच्या ९० सेंटिमीटर पुढे पडला तर हुकावर १००० गुणिले ९० भागिले ३००, म्हणजे ३०० किलो. मघाच्या हिशोबानं पिकअपच्या मागच्या आसावर ४०० वाढले, पुढून १०० निघाले. आता काही पोती मागे सरकवा आणि मध्य ४५ सेंटिमीटरवर आणा. हुकावर १५० किलो. सगळे आकडे निम्मे! खर्च? शून्य रुपये.

पण हुरळून जाऊन आणखी मागे सरकवू नका हं. मध्य आसाच्या मागे गेला की ट्रॉली उलाळ होते, हुक वर ओढते आणि वेग वाढला की शेपटीसारखी डावी-उजवीकडे झुलू लागते. अशा झुलत्या ट्रॉलीनं पुढची गाडीही उलटू शकते. म्हणून अमेरिकेत गाडीमागे ओढायच्या साध्या ट्रेलरसाठी एक ठोकताळा वापरतात. ट्रेलरच्या एकूण वजनाचा १० ते १५ टक्के भार हुकावर असावा. आपली ट्रॉली ५०० किलोची आणि माल १००० किलोचा धरला तर १५०० चे १० टक्के होतात १५०. मघाचा आकडाच आला की नाही?

चार चाकांच्या ट्रॉलीत मात्र पुढचा आस दांडीबरोबर वळतो आणि वजन तिच्या स्वतःच्या चारही चाकांवर राहतं. हुकावर जवळजवळ काही येत नाही. तिथे पाट्यांचा प्रश्न कमी, ओढण्याचा आणि थांबवण्याचा प्रश्न जास्त. आणि ट्रॅक्टर? त्याच्या मागच्या आसाला तर बहुधा पाटेच नसतात! मोठाले, कमी हवेचे टायरच धक्के झेलतात. चढावर जड ट्रॉली ओढताना ट्रॅक्टरचं तोंड उचललं जातं, तेव्हा पुढच्या बाजूला लोखंडी वजनं लावतात ती त्याचसाठी.

मग पाटे कधीच बदलू नयेत का? तसं नाही. गाडी रिकामी असतानाही एका बाजूला कललेली दिसली, पाटा मोडला असला, किंवा वर्षानुवर्षांच्या ओझ्यानं कमान बसून पट्ट्या सपाट झाल्या असल्या, तर ते बदलायलाच हवेत. पण ते झालं दुरुस्त करणं, वाढवणं नव्हे. काही ट्रकना मुळातच वर जादा पाटे असतात. गाडी रिकामी असताना ते नुसते बसून राहतात, ओझं आलं की कामाला लागतात. वजन हिशोबात असूनही, पोती नीट लावूनही मागचं अंग फारच बसत असेल तर तसे पाटे बसवता येतील का, हे गाडीच्या कंपनीच्या अधिकृत माणसाला विचारावं.

घरी प्रश्न निघाला तर तुम्ही पुढे व्हा आणि अशी तपासणी करा.

पहिलं, गाडीचं आर.सी. बुक आणि माहितीपुस्तक वाचा. कंपनीनं या गाडीला ट्रॉली ओढायला मुळात परवानगी दिली आहे का? नसेल तर पुढचं सगळं गणित थांबलं! ट्रॉलीचीही स्वतंत्र नोंदणी लागते.

दुसरं, सपाट जागी रिकाम्या गाडीच्या चारही चाकांवरच्या मडगार्डची जमिनीपासूनची उंची टेपनं मोजून वहीत लिहा. भरून, ट्रॉली जोडून पुन्हा मोजा. मागे उंची कमी होणारच. पुढे वाढली असेल तर सावध व्हा.

तिसरं, वजनकाट्यावर जा. आधी फक्त पुढची चाकं काट्यावर घ्यायला सांगा, मग पूर्ण पिकअप, ट्रॉली काट्याबाहेर ठेवून. दुसऱ्यातून पहिलं वजा केलं की मागच्या आसावरचं वजन मिळतं. ते ठरलेल्या हद्दीत आहे का बघा.

चौथं, रात्री गाडी भिंतीसमोर उभी करा. भरल्यावर दिव्यांचा झोत वर चढला असेल तर तो समोरून येणाऱ्याच्या डोळ्यांत जाणार.

आणि मिस्तरींचा सल्ला असा असेल, "पाटे वाढवा, मग टनभर जास्त भरा," तर नम्रपणे विचारा, "काका, आस, बेअरिंग, टायर आणि ब्रेक पण वाढवणार का?" कारण पाटे वाढवून ब्रेकची ताकद वाढत नाही. गाडीचा वेग दुप्पट झाला की ब्रेकना चौपट ऊर्जा जिरवावी लागते. पाथर्डीच्या वाटेवरचा करंजी घाट उतरताना मागची ट्रॉली गाडीला ढकलत असते, तेव्हा कडक पाटे काहीच मदत करत नाहीत. शिवाय रिकाम्या परतीला ते गाडीला नुसते आदळतात.

कायद्याचंही तेच म्हणणं. २०१८ साली केंद्र सरकारनं ट्रकच्या वजनाची मर्यादा वाढवली. चार टायरच्या एका आसाला १०.२ टनांऐवजी ११.५ टन झाले. पण ते सरकारनं वाढवलं, गॅरेजनं नव्हे! २०१९ च्या दुरुस्तीनंतर केंद्राच्या मोटार वाहन कायद्यात जादा ओझ्यासाठी २०,००० रुपये आणि वर दर जादा टनाला २,००० रुपये दंड लिहिला आहे. दोन खेपांचं डिझेल यापेक्षा नक्कीच स्वस्त पडेल.

जाता जाता एक सांगायचं राहिलं. चालत्या ट्रॉलीमागे पळत ऊस उपसायची मजा तुमच्यापैकी काही जण घेतात, हे मला ठाऊक आहे. वळणावर ट्रॉलीची चाकं ट्रॅक्टरच्या चाकोरीतून जात नाहीत, आतल्या बाजूनं कापत जातात. दुसरी ट्रॉली तर आणखी आत येते. चालकाला मागचं काही दिसत नाही आणि एवढं ओझं चटकन थांबत नाही. ऊस खायचाय ना? मग शेतावर जाऊन मागा. ऊसवाले काका एक कांडं हसत देतील!

आता आठवड्याचं कोडं. ट्रॉलीच्या आसापासून हुक २५० सेंटिमीटरवर आहे. ट्रॉली आसावर तोललेली आहे. तिच्यात ५० किलोची १२ पोती आहेत आणि त्यांचा मध्य आसाच्या ५० सेंटिमीटर पुढे आहे. हुकावर किती किलो? पिकअप मघाचीच असेल तर मागच्या आसावर किती वाढले आणि पुढून किती निघाले? आई-बाबांनाही सोडवायला लावा. उत्तर पुढच्या अंकात!