आधी तपासणी, मगच निकाल

नोटाबंदीच्या गदारोळात वाहून गेलेल्या २०१६ च्या हिवाळी अधिवेशनात संसदेने जी मोजकी विधेयके मार्गी लावली, त्यांत दिव्यांग हक्क विधेयक होते. १९९५ च्या कायद्यात ज्या अध्ययन अक्षमतेचा उल्लेखही नव्हता, तिला त्यामुळे मान्यता मिळाली. वाचन, लेखन वा गणितात अडखळणारे मूल ‘ढ’ नसते, हे कायद्याने स्वीकारले. अशी अक्षमता लवकरात लवकर ओळखून अध्यापनात अनुरूप उपाय योजावेत, असे कलम १६ सांगते.

व्यवहारात मात्र सवलतींची वाट दाखल्यापासून सुरू होते. ज्याचे निदानच झाले नाही, त्याच्या हाती दाखला कोठून येणार?

त्यातच २०१९ च्या दुरुस्तीने शिक्षण हक्क कायद्यातील नापास न करण्याचे संरक्षण पाचवी व आठवीपुरते शिथिल झाले. डिसेंबर २०२४ मध्ये केंद्राने आपल्या अखत्यारीतील शाळांसाठी त्याचे नियमही केले. फेरपरीक्षेतही अनुत्तीर्ण ठरलेल्या मुलाला त्याच वर्गात ठेवावे आणि त्या काळात शिक्षकांनी त्याच्या उणिवा हेरून विशेष साहाय्य द्यावे, असे ते नियम म्हणतात. म्हणजे एक कायदा आधी ओळखा म्हणतो. दुसऱ्यात निकाल आधी लागतो.

मुलाला मागे ठेवण्याचा अधिकार हवाच असेल, तर त्यापूर्वी अध्ययन अक्षमतेची तपासणी झाल्याची नोंद शाळेवर बंधनकारक करावी. शाळेने न केलेल्या कर्तव्याची शिक्षा दहा-अकरा वर्षांच्या मुलाने का भोगावी?